आधी कागद वाचा, वकील नंतर

तुमच्या मावशीची हकिगत वाचली. थोडक्यात पुन्हा मांडतो, माझ्या समजण्यात चूक असेल तर सांगा. काका फेब्रुवारीत गेले. सातबारावर त्यांचं नाव दोन भावांबरोबर सामायिक होतं. मावशींनी वारस नोंदीचा अर्ज दिला, तेव्हा दिरांनी हरकत घेतली की भावाने हयातीतच पाचशेच्या स्टॅम्पवर हिस्सा सोडून दिलाय. नोंद नामंजूर झाली, त्याला पाच आठवडे झाले. मावशी लेकीकडे गेल्या होत्या तेवढ्यात दिरांनी घराला आपलं कुलूप ठोकलं. पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, घेतली आणि ‘हे दिवाणी आहे’ म्हणून वाटेला लावलं. आता तहसीलबाहेर बसणारा एकजण पंचवीस हजारांत ‘सगळं करून देतो’ म्हणतोय आणि तुम्ही विचारताय की तालुक्यात चांगला वकील कोण.

मी वकील नाही. कोर्टात कारकून म्हणून २९ वर्षं काढली, निवृत्त होताना नाझर, म्हणजे कोर्टाच्या कचेरीतला वरिष्ठ कर्मचारी, होतो. खिडकीच्या आतल्या बाजूने एक गोष्ट रोज पाहिली. माणसं आधी ‘ओळखीचा कोण आहे’ ते शोधतात, आणि हातातला कागद पिशवीतून बाहेरच येत नाही. कुठे जायचं ते बहुतेक वेळा त्या कागदावरच असतं. खाली सही कोणाची, कोणत्या कलमाखाली, तारीख काय, एवढं वाचलं तरी दार सापडतं.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. माझ्या वडिलांच्या बांधाशेजारच्या जमिनीचा एक फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावातल्या बदलाची नोंद, आमच्याविरुद्ध मंजूर झाला. वडील आधी एका निवृत्त सर्कलकडे, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याकडे, गेले, मग भावकीतल्या एका वकिलाकडे. ते अपघाताच्या केसेस चालवायचे, पण नाही कसं म्हणणार? त्यांनी चार महिने कागद ठेवून घेतले. आदेशाच्या शेवटच्या ओळीत अपील कोणाकडे आणि किती दिवसांत ते टाइप केलेलं होतं. मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मुदत कधीच टळली होती. मग विलंब माफीचा अर्ज आणि त्यावरच्या तारखा. मूळ मुद्द्यावर कोणी बोलायला सव्वा वर्ष गेलं. कोर्टात नोकरीला असलेल्या मुलाच्या घरात हे झालं, म्हणून सांगतो.

आता मावशींचं. हे एक प्रकरण दिसतं, पण यात दारं वेगवेगळी आहेत आणि घाई सगळ्यांची सारखी नाही.

सगळ्यात घाईचं म्हणजे नामंजूर झालेली नोंद. त्यावर अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाला मुदत ६० दिवसांची. पाच आठवडे गेले म्हणजे तुमच्याकडे साधारण पंचवीस दिवस उरलेत. आदेशाची प्रमाणित नक्कल आजच मागा. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, पण त्या भरवशावर बसू नका. आणि तो पाचशेचा स्टॅम्प पाहून घाबरू नका. स्थावरातला हिस्सा सोडायचा तर हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, घरात बसून केलेल्या सह्यांनी जमीन जात नाही. हिंदू वारसा कायद्याने मावशी, दोन्ही मुली आणि सासूबाई हयात असतील तर त्या, असे सगळे काकांच्या हिश्शाचे पहिल्या वर्गातले वारस आहेत. एक लक्षात असू द्या: फेरफाराने मालकी ठरत नाही, ती फक्त महसुली नोंद. दिरांनी हट्टच धरला तर वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात करावा लागेल. तो पुढचा विषय.

दुसरं, कुलूप. पोलीस ठाण्यात पुन्हा पुन्हा जाऊन हे सुटणार नाही. इथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा कामाचा आहे. लोकांना वाटतं तो नवऱ्याविरुद्धच चालतो. तसं नाही. ज्या घरात बाई नात्याने नांदली तिथे राहण्याचा तिचा हक्क कलम १७ मध्ये आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विधवेच्याच प्रकरणात तो उचलून धरलाय. यासाठी महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. तुमच्या तालुक्याचे कोण आणि कुठे बसतात ते १८१ वर फोन करून विचारा. ते अर्ज लिहायला मदत करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रकरण जातं. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तीनच दिवसांत लागेल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळ लवकर.

एनसीची प्रत जपून ठेवा. तिचा उपयोग एवढाच, की अमुक तारखेला कुलूप होतं याचा तो पुरावा आहे.

आता वकील. मावशींना वकील फुकट मिळतो, आणि ही मेहेरबानी नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि मुलं ही वेगळी वर्गवारी आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला तर नम्रपणे कलम दाखवा. आणखी एक गोष्ट, जी कित्येक वकिलांनाही माहीत नसते: या कायद्यात ‘न्यायालय’ म्हणजे महसुली न्यायालयसुद्धा. म्हणजे प्रांताकडच्या अपिलालाही हा वकील मागता येतो.

कुठे मागायचा? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथले सचिव स्वतः न्यायाधीश असतात. गेटवरच्या शिपायाला ‘विधी सेवा’ म्हटलं तर कधी कधी तो बुचकळ्यात पडतो. ‘मोफत वकील मिळतो ते ऑफिस’ म्हणा, बोट दाखवेल. तुम्हाला पुण्यातून सोपं म्हणजे १५१०० वर फोन. पण अर्जावर सही मावशींची लागेल, तेव्हा त्यांना एकदा घेऊन जाच. आधार कार्ड, मृत्यू दाखला, सातबारा, नामंजुरीचा आदेश आणि एनसी, एवढ्याच्या झेरॉक्स. अर्जात ‘वकील द्यावा’ एवढंच लिहू नका, ‘अपिलाची मुदत अमुक तारखेला संपते’ हे पहिल्याच ओळीत लिहा. मुदत वाचली की टेबलावरचा कारकूनही फाइल वरती ठेवतो. मीही ठेवायचो.

फुकटचा वकील म्हणजे नवखा, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. थोडं खरंही आहे. पॅनेलवर तरुण वकील बरेच असतात आणि त्यांना मिळणारं मानधन बेताचं. पण महसूल आणि वाटपात मुरलेलेही असतात, म्हणून नेमणुकीआधीच सचिवांना सांगा की जमिनीचं काम पाहणारा हवा. नेमलेले वकील तारखेला आले नाहीत किंवा ‘टायपिंगचे’ म्हणून पैसे मागू लागले, तर वकील बदलून मिळावा असा लेखी अर्ज सचिवांकडे करा. खर्च प्राधिकरण करतं.

दिरांना लोकअदालतीत बोलावून मिटवू, असंही कदाचित सुचवतील. जायला हरकत नाही, नाती टिकली तर बरंच. पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, ती हुकूमनाम्यासारखी बांधील असते. सही करण्याआधी हिस्सा किती गुंठ्यांचा आणि कोणत्या गटातला ते शब्दांत लिहिलेलं पाहा. ‘बहीण म्हणून सांभाळू’ हे वाक्य मी तडजोडनाम्यांत फार वेळा वाचलंय.

तहसीलबाहेरच्या त्या माणसाचं काय? त्याला विचारा, अपिलावर सही कोण करणार, वकीलपत्र कोणाच्या नावाचं. वकिलीची सनद असेल तर फीची पावती देईल. नसेल तर ‘साहेबांशी बोलतो’ म्हणेल. कोऱ्या कागदावर मावशींची सही किंवा अंगठा देऊ नका आणि मूळ कागद कोणाच्याही हातात सोडू नका.

नामंजुरीच्या आदेशावरची तारीख आणि खालची सही कोणत्या अधिकाऱ्याची आहे ते इथे लिहा. नावं, गट नंबर झाकून टाका. नेमका कोणता दिवस शेवटचा ते मोजून सांगतो.