गुडघा बदलल्यावरही दुखत असेल तर नसेला करंट द्यायचं मशीन बसवावं का?

तुमच्या आईंचा गुडघा बदलून आठ महिने झालेत, तरी जिना चढताना दुखतं आणि कुणीतरी सांगितलंय की नसेला करंट द्यायचं मशीन बसवून घ्या. माझं उत्तर, कायमचं मशीन आत्ता नको. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे, दांडिया बाजारच्या जुन्या घरांतल्या उंच पायऱ्या चढणाऱ्या आज्या हेच दुखणं घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करंट म्हणजे एकच ट्रीटमेंट नाही हो. कातडीवर पॅड चिकटवायचं टेन्स मशीन वेगळं, नसेजवळ थोड्या दिवसांसाठी बारीक वायर घालतात ते वेगळं, आणि मज्जारज्जूजवळ वायर टाकून कातडीखाली बॅटरी बसवतात ते तर अगदीच वेगळं, तिथे ऑपरेशन आलं, खर्च आला, इन्फेक्शनची भीती आली. कल्पना 1965 ची आहे, मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांची: कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं, कारण स्पर्शाचा सिग्नल दुखण्याच्या सिग्नलला मज्जारज्जूतच अडवतो. करंटने तेच साधायचं.

टेन्सबद्दल सांगायचं तर अमेरिकेत आयोवाच्या टीमने गुडघा बदललेल्या 317 लोकांवर अभ्यास केला, तो 2014 मध्ये आला. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा टेन्सवाल्यांना पाय सरळ करताना आणि भरभर चालताना कमी दुखलं, पण सहा आठवड्यांनी फरक उरला नाही. म्हणून मी पॅड लावून कुणाला पडून राहू देत नाही, ते चालू असतानाच चालवते आणि व्यायाम करून घेते, त्याचा खरा उपयोग तेवढ्यातच आहे.

मला सगळ्यात आशा वाटते ती वायरवाल्या प्रकाराची. कॅलिफोर्नियाचे डॉक्टर ब्रायन इल्फेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऊल, गुडघा, खांद्याच्या ऑपरेशनच्या 66 पेशंटना सोनोग्राफीत बघून नसेजवळ वायर घातली, अर्ध्यांना खरा करंट, बाकीच्यांना खोटा. 2021 च्या निकालात पहिल्या सात दिवसांत अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी खऱ्या करंटवाल्यांना साधारण 5 मिलिग्रॅम लागली आणि दुसऱ्यांना 48, दुखणं दहापैकी 1.1 विरुद्ध 3.1. एवढा फरक मी दुखण्याच्या अभ्यासात फार कमी वेळा वाचलाय! पण लक्षात घ्या, हे ऑपरेशननंतरचं ताजं दुखणं, आईंचं आठ महिन्यांचं जुनं.

आणि मज्जारज्जूच्या मशीनचं म्हणाल तर नॉर्वेत पाठीच्या ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेल्या 50 जणांवर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, मशीन चालू असो की बंद, रोजची कामं करण्यात फरक दिसला नाही. काही पेशंटना फायदा होतो असं सांगणारे अभ्यासही आहेत, पण दुखण्याचं कारण शोधल्याशिवाय तिथपर्यंत जाऊच नका.

गुडघा बदललेल्या पाचातल्या जवळपास एकाला दुखणं उरतं, त्यामुळे आईंना वाटत असेल की आपणच नाजूक आहोत तर तसं अजिबात नाही, हे त्यांना नक्की सांगा. आधी सर्जनकडून नवीन एक्सरे आणि रक्ताची तपासणी करून घ्या, सांधा सैल झालाय का, इन्फेक्शन आहे का, आणि खुबा किंवा कंबर बघायलाही सांगा कारण तिथलं दुखणं गुडघ्यात उतरतं. हे सगळं ठीक निघालं तर एखाद्या फिजिओसमोर टेन्स लावून बघा, आईंना पेसमेकर असेल तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.