हेड वेटर होण्याआधी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. बढतीचं पत्र हातात आहे आणि तू विचारतोस, क्रूझ जहाजावरचा हेड वेटर नेमकं करतो काय? ऑर्डर वेटर घेतो, ताटं तोच आणतो, पाणी आणि ब्रेड असिस्टंट बघतो, प्रकरण वाढलं की मेत्र-डी, म्हणजे डायनिंग रूमचा प्रमुख, येतो, अ‍ॅलर्जी टॅबलेटवर दिसते. मधल्या माणसाने हात मागे बांधून फिरायचं, आणि ज्या पाहुण्यांनी तुला नावाने ओळखायचं ते आता दुसऱ्याचे. गोंधळ होणारच. पण तुला हे चित्र ज्यांनी रंगवून दाखवलं, त्यांच्या वाट्याला वाईट हेड वेटर आले, एवढंच त्यातून कळतं.

माझ्या लेखी हे काम दोन शब्दांचं आहे: स्वतः जा.

‘टॅबलेटवर सगळं असतं’ असं तू लिहिलंयस, तिथे मी जरा चिडलोच. एका सफरीची पहिली रात्र होती. एका बाईंच्या नावापुढे ‘नट्स’ असं आलेलं. वेटर हुशार, डेझर्टमधले बदाम त्याने आधीच काढायला सांगितले होते. मी टेबलापाशी जाऊन एकच प्रश्न विचारला, ‘शेवटचा त्रास कशाने झाला होता?’ म्हणाल्या, ‘तिळाने. फॉर्मवर तिळाचा रकाना नव्हता, म्हणून त्यातल्या त्यात जवळचं लिहिलं.’ त्यांच्या पुढ्यातल्या बास्केटमध्ये सगळ्यात वरचा रोल तिळाचा. नवऱ्याने तो मोडलेला, आणि दोन-चार तीळ बाईंच्या बटर नाइफला चिकटलेले. मी बास्केट, लोणी, सुरी, टेबलावरचं कापड, सगळं बदलायला लावलं. अमेरिकेच्या मुख्य अ‍ॅलर्जनच्या यादीत तीळ नववा म्हणून आला तो २०२३ मध्ये. युरोपच्या १४ जणांच्या यादीत तो त्याआधीपासून होता. कागद कुठल्या देशाच्या यादीवरून छापलाय यावर बाईंचा जीव सोडायचा का? टॅबलेट तेवढंच सांगतो, जेवढं कुणीतरी त्यात भरलंय.

म्हणून अशा पाहुण्याला उद्याचा मेनू आज रात्रीच दाखवायचा. निवड लिहून घ्यायची, शंका विचारायच्या. ती गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, स्पेशल डाएट बघणाऱ्या शेफच्या हातात द्यायची, नुसती चिठ्ठी ठेवून यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ताट पासवर, म्हणजे गॅलीतून ताटं बाहेर देतात त्या काउंटरवर, आलं की झाकण उचलून बघायचं, आणि ते त्याच पाहुण्यासमोर ठेवलं गेलं का, हेही बघायचं. प्रत्येक ठिकाणी तू स्वतः. निरोप्याकडून नाही. रोज रात्री, सफर संपेपर्यंत.

यूएसपीएचच्या, म्हणजे अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या, स्वच्छता तपासणीची भीती तू घातलीयस मनात. १०० पैकी ८५ किंवा कमी म्हणजे नापास, आणि तपासणारे न सांगता येतात, दोन्ही खरं. पण जो रोज स्वतः साइड स्टेशनचे, म्हणजे चमचे-भांडी ठेवायच्या कपाटाचे, ड्रॉवर उघडून बघतो, त्याला त्या दिवशी वेगळं काही करावं लागत नाही. पुढे जाऊ.

खरं सांगायचंय ते तुझ्या हाताखालच्या पोरांबद्दल. पहिलं सीटिंग, म्हणजे जेवणाची पहिली पंगत, लांबलेलं असतं, दुसऱ्याची रांग दाराशी लागलेली असते, आणि तुझ्या सेक्शनमधलं एक स्टेशन, म्हणजे एका वेटरची टेबलं, अडकलेलं असतं. दारापाशी पोडियमवर उभं राहून ते दिसत नाही. तिथे जा. जाऊन ‘लवकर कर’ म्हणू नकोस, ते त्यालाही कळतं. ट्रे उचल आणि गॅलीत जा. कॉफी ओत. त्याच्या एका टेबलाशी बोलत उभा राहा, म्हणजे दुसऱ्या टेबलाचे मेन कोर्स आणायला त्याला सवड मिळेल.

विश्रांतीचंही तसंच. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हवी; ते १० तास फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक किमान ६ तासांचा. पाठ कर. मी ज्या जहाजांवर राबलो त्यांतल्या एकावर विश्रांतीच्या तासांचं रजिस्टर कायम चोख असायचं आणि सकाळी ब्रेकफास्टला पोरं उभ्या उभ्या पेंगायची. मी रजिस्टर मिटून पोरांकडे जायचो. रात्री किती वाजता झोपलास, जादाची साइड ड्यूटी कुणी लावली, हे विचारायचो आणि मग वर जाऊन भांडायचो. कधी ऐकलं, कधी नाही.

वरच्यांचं म्हणणं होतं, हा प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतो, सिस्टिमवर भरवसा ठेवत नाही, हवा असेल तेव्हा पोडियमवर सापडत नाही. सीटिंगच्या वेळी मी पोडियमवर नसायचो, बरोबर आहे. मी माझ्या टेबलांत असायचो. असिस्टंट मेत्र-डीची जागा माझ्यानंतर आलेल्यांना मिळाली, आणि त्याची सल अजून आहे, तुझ्यापासून कशाला लपवू? पण माझ्या सेक्शनमधून साइनऑफ झालेली, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून उतरलेली, पोरं पुढच्या कॉन्ट्रॅक्टला पुन्हा माझंच सेक्शन मागायची. ते पोडियमवर उभं राहून मिळालं नसतं. आज विचारलंस तरी मी तसाच वागेन.

आणखी एक. बऱ्याच जहाजांवर डायनिंग रूम हेच मस्टर स्टेशन, म्हणजे आणीबाणीत पाहुण्यांनी जमायची जागा, असतं. तुझी नेमणूक तिथे झाली आणि कधी खरोखर भोंगा वाजला, तर त्या खोलीतला गलका तुला आवरायचाय. रोज टेबलाशी जाणाऱ्या माणसाचं लोक पटकन ऐकतात.

आता सहीआधी मेत्र-डीला तीन गोष्टी विचार. माझ्याकडे किती स्टेशनं असतील? सर्व्हिसच्या वेळी मला पोडियमवर किंवा ऑफिसात बसवणार का? ग्रॅच्युइटीतला, म्हणजे पाहुण्यांच्या टिपमधला, माझा वाटा कसा ठरतो, आणि ते कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर सही करू नकोस, आधी मला फोन कर. मी जागाच असेन.

तुझा,
काका