डेबियनमधून जुनी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) काढताना वाद का होतात?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या कारखान्यात पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवरचा, म्हणजे पायथॉन २ वरचा, प्रोग्रॅम आजही बिनतक्रार चालत असेल, तर स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीच्या २०२३ च्या १२ व्या आवृत्तीतून ते पायथॉनच वगळले जाणे अन्यायाचे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मूळ विकासकांचा आधार १ जानेवारी २०२० रोजीच संपला होता आणि पुढच्या सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करण्याचे ओझे स्वयंसेवकांवर पडले असते. खरा वाद वापर मोजण्यावरून होतो. पॉपकॉन या पॅकेजेसचा वापर मोजणाऱ्या डेबियनच्या सोयीची आकडेवारी स्वेच्छेने माहिती पाठवणाऱ्या संगणकांचीच असते, त्यामुळे इंटरनेटला न जोडलेली यंत्रे तिच्यात दिसतच नाहीत. म्हणून केवळ कमी वापराच्या आधारे पॅकेज काढणे मला चुकीचे वाटते. तुम्हाला एखादे पॅकेज टिकवायचे असेल, तर ते अनाथ, म्हणजे देखभाल करणारा कोणी नसलेले, घोषित होताच देखभालीची जबाबदारी स्वीकारण्यास पुढे या.