कायद्याबाहेर जाऊन अडल्यानडल्यांना मदत करणारा नायक गुन्हेकथेत पटेल असा कसा लिहावा?

आधी कायद्याचा रस्ता बंद झालेला दाखवा, तोही नेमका. ‘पोलीस भ्रष्ट आहेत’ एवढ्यावर वाचक भागवून घेत नाही. तक्रारदार बाईने कोऱ्या कागदावर सही दिली आहे, साक्षीदार फिरलाय, घर रिकामं करायला चार दिवस उरलेत आणि कोर्टाची तारीख महिन्यानंतरची, असं काहीतरी हवं. मग तिने नायकाकडे जाणं अपरिहार्य वाटतं. तिच्या हकिकतीत एक खोटंही ठेवा. ते मध्यावर उघडं पडलं की कथा तिथून वळते.

सगळ्यात जास्त गडबड होते ती या मदतीची किंमत कोण मोजतं, ते दाखवण्यात. नायक रात्री खलनायकाच्या तिजोरीतून तो सहीचा कागद काढतो, बाई सुटते आणि लेखक खूश! पण तिजोरीची दुसरी किल्ली ज्या कारकुनाकडे होती, त्याच्यावर सकाळी आळ येणारच. त्या कारकुनाला नाव द्या, चोरीच्या आधी एका प्रसंगात दाखवा. आता नायकाने त्याला वाचवायचं की गप्प बसायचं? खरी कथा इथे सुरू होते.

कौशल्य एकच द्या, फार तर दोन. कुलूपही उघडतो, सह्याही गिरवतो, मारामारीतही भारी, असा माणूस कधी अडचणीत सापडतच नाही. मोबदला मात्र त्याने घ्यावा; पैसे नसतील तर पुढे कधीतरी फेडायचा उपकार. फुकटात मदत करणारा लगेच संत होतो, आणि संताची गुन्हेकथा रंगत नाही.

खलनायकाला राक्षस करू नका. त्याचा हिशेबही कागदावर बरोबर निघू द्या.