थार सीआरडीईचा दम वाढवायला रीमॅप करावा की ट्यूनिंग बॉक्स लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१५ची महिंद्रा थार जीप, सीआरडीई म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाची, ३१ इंची टायर टाकल्यापासून चढावर ओढत नाही. ट्यूनर म्हणतो रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून, ३० टक्के पॉवर वाढवून देतो, मित्र म्हणतो बाहेरून जोडायचा ट्यूनिंग बॉक्स स्वस्तात पडेल. काय करू?

आत्ता दोन्ही करू नका. आधी टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंजिनापर्यंतचे हवेचे पाइप तपासा. तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे चढावर काळा धूर, दोन हजार आरपीएमच्या आसपास दम लागणं आणि पाय दाबला की नुसता आवाज वाढणं, ही सगळी माझ्या गाडीने मला दाखवली आहेत. तेव्हा मीही बॉक्सच लावला होता. म्हणून एवढं लिहायला बसलोय.

मी वाळपईचा. माझे बाबा गाड्यांचे मेस्त्री होते, डिचोलीकडच्या खाणींवर टिपर सांभाळायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घराशेजारच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. घरी महिंद्राची एमएम ५४० जीप होती, प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन, २११२ सीसी. त्या गाडीवर मी शिकलो. बाबांचा क्रम ठरलेला असायचा: आधी हवा, मग डिझेल, मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), आणि डिझेल पंपाला हात सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवायला सांगायचं, तेव्हा बाबा आधी एअर क्लीनर उघडून त्याच्यापुढे ठेवायचे. धूळ धरणाऱ्या ऑइलबाथच्या भांड्यात तेल कमी आणि खाणीची लाल माती जास्त, चिखलाची खीर झालेली. दहातल्या नऊ गाड्यांत तेवढं साफ करूनच काम भागायचं.

२०१४ साली मी थार घेतली. साडेतीन-चार वर्षं झक्क चालली, मग हळूहळू पिकअप उतरला. म्हापशाला माझा चुलतभाऊ असतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दादाने स्वतःच्या गाडीला रीमॅप केलेला. तो म्हणाला, कंपनी इंजिन दाबून ठेवते, बॉक्स लाव, गाडी मोकळी होईल. बाबा म्हणाले, आधी शेडमध्ये आण, बघू दे. त्यावर सगळ्यांसमोर दादा बोलला, "काका, ही कॉम्प्युटरची गाडी. मेस्त्री लोकांना यातलं नाही कळायचं." बाबा काही बोलले नाहीत. मीही गप्प बसलो, आणि २२ हजार देऊन बॉक्स लावून आलो.

बॉक्स करतो काय ते ऐका. तो रेल प्रेशर सेन्सरच्या, म्हणजे डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या, वायरमध्ये बसतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. हवा मात्र कोणी वाढवलेली नसते. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनाला धुराशिवाय चालायचं तर त्याहून बरीच जास्त. ती नसेल तर उरलेलं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि जाता जाता टर्बो भाजून काढतं.

पहिले दोन आठवडे गाडी खरंच हलकी वाटली. मग डिसेंबर २०१८मध्ये बेळगावला लग्नाला निघालो, चोर्लामार्गे. केरी सोडली, अंजुणे धरण मागे पडलं आणि चढ लागला. तिसऱ्या वळणापर्यंत मागे काळ्या धुराचा पडदा. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकतोय आणि गाडी दुसऱ्या गिअरवरसुद्धा रडते आहे. अर्ध्या घाटातून परत फिरलो. ट्यूनरने गाडी न उघडता सांगितलं, टर्बो गेला, ४५ हजार.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी शेडमध्ये घेतली. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही. पीव्हीसी पाइपचं एक टोपण घेतलं, मधे भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाइप सोडवून त्या तोंडावर हे टोपण क्लॅम्पने आवळलं. इंजिन बंद. पायाच्या पंपाने दहा पीएसआय हवा भरली, आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने एकेका जोडावर लावत गेले.

टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीला, जाणारा रबरी पाइप, त्याची खालची बाजू, क्लॅम्पच्या अगदी कडेला. तिथे साबण नुसता फुगत नव्हता, थुंकल्यासारखा उडत होता. अंगठ्याच्या पेराएवढी चीर. हवा सोडली की चीर मिटते, बोटालाही लागत नाही. दाब आला की तोंड उघडते. म्हणून उभ्या गाडीत कोणालाच दिसली नव्हती. चिरेतून तेलाची बारीक वाफ बाहेर येऊन त्यावर लाल धूळ बसलेली, तिची चांगली जाड, काळपट-तांबडी खपली तयार झालेली. बाबांनी ती स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. थरावर थर होते. ती एका महिन्याची नव्हती.

नवा पाइप आणि दोन क्लॅम्प मिळून साडेसातशे रुपये. बॉक्स काढला. पुढच्या रविवारी बाबांना शेजारी बसवून तोच घाट तिसऱ्या गिअरवर चढलो. धूर नाही. टर्बो तोच, आजही तोच आहे.

दादाचं अजून म्हणणं आहे की बॉक्सचा दोष नव्हता, पाइप जुना होता, तो फाटला हा योगायोग. नवा पाइप टाकून बॉक्स ठेवला असता तर गाडी उडाली असती, असं तो प्रत्येक चतुर्थीला सांगतो. मी कधीच म्हटलं नाही की बॉक्सने पाइप फाडला. पाइप बॉक्सच्या आधीपासून फाटलेला होता, तीच तर गोष्ट आहे. जो दम गेला म्हणून मी २२ हजार मोजले, तो त्या चिरेतून जात होता. वर जास्त डिझेल ओतून आम्ही ती चीर झाकली आणि इंजिन भाजलं. हे कॉम्प्युटरने नाही, एका मेस्त्रीने शोधलं.

आता तुमचे टायर. मूळचा २३५/७० आर१६ टायर सुमारे ७३५ मिलिमीटर उंच. ३१ इंची म्हणजे ७८७. सात टक्के फरक, म्हणजे प्रत्येक गिअर सात टक्के लांबला. तुमचं २४७ न्यूटन मीटरचं इंजिन चाकाशी आता २३१चं काम करतं, शिवाय टायरचं वजन वेगळं. मीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी ६४ला असते. यावर खरा उपाय डिफचा (अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलचा) क्राउन-पिनियन, म्हणजे त्यातली दातेरी चाकांची जोडी, बदलणं, तोही पुढचा-मागचा दोन्ही सारख्याच रेशोचा, नाहीतर फोर व्हीलमध्ये टाकल्यावर पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडेल. खर्चिक काम आहे. मी तुमच्या जागी असतो तर मूळ मापाच्या टायरवर परत आलो असतो.

आणि चिखलात, ओढ्यात पॉवरचा उपयोग काय? कुळ्याहून दूधसागरला गाड्या जातात, त्यांचे ड्रायव्हर एकदा बारकाईने बघा. पाण्यात उतरायच्या आधी लो गिअर, मग एकच चाल, मधे क्लच नाही, गिअर बदलणं नाही. तिथे कोणी ३० टक्के शोधत नाही. चिखलात टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणा, जो फरक पडेल तो कुठलाही बॉक्स देणार नाही. रस्त्यावर आल्यावर परत भरा.

चाचणी स्वतः करणार असाल तर दोन गोष्टी. बारा पीएसआयच्या वर जाऊ नका, सील निघतील. आणि ऑइलच्या झाकणाकडून थोडा फुसफुस आवाज येणारच, कारण एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो आणि ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइपही त्याच वाटेवर आहे. त्याला गळती समजू नका. पाइप ठीक निघाले तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात वळवणाऱ्या व्हॉल्व्हची) काजळी, मग इंजेक्टर, याच क्रमाने. आपल्याकडे खारी हवा आहे, बॅटरीची अर्थ वायर जिथे चॅसीला लागते तिथलं बोल्टसुद्धा एकदा घासून घ्या. सेन्सर तिथूनही खोटं बोलतात.

रीमॅप मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. सगळं ठीक असलेल्या इंजिनावर, आधी आणि नंतर डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) मोजून, डिझेलसोबत बूस्टही (टर्बोचा हवेचा दाब) जुळवून देणारा माणूस मिळाला तर फरक पडतो, आणि बॉक्सपेक्षा ते कितीतरी बरं. पण क्लच जुना असेल तर तो आधी घसरेल. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करायला मनाई आहे, तेव्हा विम्याचंही बघा. आणि २०२०नंतरच्या नव्या थारला यातलं काही लावू नका, त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे, जास्तीची काजळी तिथे जाऊन बसेल. पेट्रोलचं मला विचारू नका, ते मी केलेलं नाही.

बाबा २०२१ला गेले. ते टोपण शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं आहे, आणि पाइपचा कापलेला तुकडा माझ्या टूलबॉक्समध्ये. वाळपईकडे आलात तर टोपण घेऊन जा, काम झालं की आणून द्या. तुकडा मी दादासाठी ठेवलाय.