त्वचारोगांवरचं मोठं संदर्भपुस्तक घ्यायचं तर ते पारखायचं कसं?

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: खटाव तालुक्यातल्या एका गावात तुमची जनरल प्रॅक्टिस आहे, रोजच्या ओपीडीत दर तिसरा-चौथा पेशंट खाज, चट्टा नाहीतर पुरळ घेऊन येतो आणि तुम्हाला त्वचारोगांवरचं सगळं काही असलेलं एकच मोठं पुस्तक घ्यायचं आहे. एक मित्र म्हणतो रूक घे, दुसरा म्हणतो बोलोनिया, आणि किंमत बघितली की हात आखडतो. शिवाय पुस्तक चांगलं आहे हे ओळखायचं कसं, असंही तुम्ही विचारलंय. मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगलीत २१ वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. यातली बहुतेक पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, काहींच्या दोन-दोन आवृत्त्या आहेत. कोणाची पानं झिजलीत आणि कोणाची अजून कोरी आहेत, ते समोर ठेवूनच हे सांगतेय.

आधी पुस्तकाकडे जाऊच नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्या पेशंटपाशी तुम्ही अडलात असे पाच जण आठवा आणि कागदावर उतरवा: वय, काम काय करतो, चट्टा कुठे आहे, किती दिवसांचा, दाखवायला येण्याआधी काय काय लावलं. मग तो कागद घेऊन पुस्तकापाशी बसा. मेडिकल कॉलेजची लायब्ररी असो, ओळखीच्या रेसिडेंटची खोली असो, जिथे पुस्तक हाताळायला मिळेल तिथे. प्रस्तावना वाचू नका, संपादकांची यादी वाचू नका. त्या पाच जणांना घेऊन आत शिरा आणि पुस्तक तुम्हाला उत्तरापर्यंत नेतं का ते बघा.

असं का म्हणते, ते एका पेशंटवरून सांगते. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष होतं. मिरज पूर्व भागातला पन्नाशीचा एक शेतकरी आला. चेहरा काळवंडलेला, कपाळाची कातडी जाड झालेली, मानेच्या घड्या खरखरीत. ‘उन्हात गेलं की आग पडते’ म्हणाला. मी उन्हाची अ‍ॅलर्जी धरून चालले. सनस्क्रीन, टोपी, मलम असं तीन महिने चाललं आणि उतार काही पडेना. एका संध्याकाळी ओपीडी संपल्यावर पुस्तक काढून बसले. परदेशी ग्रंथातलं उन्हामुळे होणाऱ्या आजारांचं प्रकरण अतिशय सुंदर होतं, मी ते दोनदा वाचलं. पण मुळात मी चुकीच्या प्रकरणात शिरले होते आणि तिथून बाहेर काढणारं त्या पानांवर मला काही सापडलं नाही. मग आपल्याकडचं पुस्तक उघडलं. त्यात हवेतून येणाऱ्या गोष्टींच्या अ‍ॅलर्जीखाली फरक स्पष्ट मांडलेला होता: वरच्या पापण्या बघा, कानामागे बघा, हनुवटीखाली बघा. जिथे ऊन पोचत नाही तिथेही आजार असेल तर दोष एकट्या उन्हाचा नाही.

पुढच्या खेपेला त्याला खिडकीपाशी बसवलं आणि कान पुढे दुमडून पाहिलं. मागे तीच जाड, खवल्यांची कातडी. हनुवटीखालीही तीच. त्याच्या बांधाला गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं होतं आणि दर पावसाळ्यात तो ते हातानं उपटत होता. ऊन कानामागे जात नाही, पण वाळलेल्या गाजरगवताची उडणारी भुकटी बरोबर जाते. त्या तीन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण बघायची जागा माहीत असती तर पहिल्याच दिवशी निदान झालं असतं.

त्या दिवसापासून कुठलंही नवं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची सूची उघडते आणि पार्थेनियम, म्हणजे हेच गाजरगवत, शोधते. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात नजरेला आलं आणि नंतर देशभर पसरलं. आज साताऱ्या-सांगलीत ते नाही असा बांध सापडणार नाही. ज्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते, ते कितीही थोर असलं तरी आपल्या दवाखान्यात एकटं पुरणार नाही. त्याच्याच जोडीला बिब्बा शोधा. गुडघा दुखतो म्हणून बिब्ब्याचं तेल लावलेली म्हातारी तुमच्याकडेही येत असेल: मधे काळा डाग, भोवती फोड, आणि दोन दिवसांनी खाज भलतीकडेच पसरलेली. परदेशी पुस्तकांत पॉयझन आयव्हीवर भरपूर मजकूर असतो. बिब्बा त्याच कुळातला, काजू आणि आंबाही त्याच कुळातले. पुस्तक हा दुवा जोडून देतं की नाही, ते बघण्यासारखं असतं.

दुसरी परीक्षा नायट्याची. तुमच्या पाच जणांत किमान दोन तरी गजकर्णाचे असणार, हे मी न बघता सांगते. पुस्तकातलं चित्र कसं असतं? गोऱ्या दंडावर एक सुबक लालसर कडं. आपल्याकडे येतो तो पेशंट कसा असतो? कमरेपासून मांड्यांपर्यंत काळपट पसरलेलं, कडा पुसट, वर्तुळात वर्तुळं, आणि जांघेत ताणल्याच्या पांढऱ्या रेघा. कारण त्यानं चार महिने मेडिकलमधून स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध अशी खिचडी असलेली ट्यूब आणून चोळलेली असते. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारनं त्यांतली बरीच शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, टाकली, पण ट्यूब अजून सहज मिळते. आता पुस्तकातलं बुरशीचं प्रकरण उघडा. टर्बिनाफिन २५० मि.ग्रॅ. रोज एकदा, दोन-चार आठवडे, की काम झालं, एवढंच लिहिलं असेल तर ते पान जुनं झालंय. आपल्याकडे पसरलेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे वेगळं नाव २०२० मध्ये मिळालं. तिच्या कित्येक वाणांच्या एका जनुकात बदल झाल्यामुळे टर्बिनाफिन त्यांच्यावर लागू पडत नाही. हे नाव आणि हे कारण ज्या पुस्तकात आहे, ते निदान या प्रकरणापुरतं तरी आजचं आहे. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या सांगलीत चिखल्या आणि नायट्याचे पेशंट रांगेनं येत होते. तेव्हा जुनं पुस्तक उशाला घेऊन बसलेला डॉक्टर नुसता डोस वाढवत राहिला असता.

आवृत्तीचा नवेपणा मुखपृष्ठावरच्या वर्षावरून ठरवू नका. एवढे मोठे ग्रंथ शंभराहून जास्त लोक मिळून लिहितात, कोणी वेळेत देतं, कोणी उशिरा. छापून येईपर्यंत मजकूर वर्ष-दीड वर्ष जुना झालेलाच असतो. म्हणून प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या संदर्भांतलं सगळ्यात अलीकडचं वर्ष बघा. पुस्तक २०२४ चं आणि संदर्भ २०१२ ला थांबलेत, तर त्या प्रकरणाला फक्त वरून हात फिरवलाय. कोडाचं प्रकरणही असंच तपासता येतं. रुक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी परवानगी मिळाली, त्याचा उल्लेख आहे का पाहा. ते मलम तुम्ही उद्या लिहून देणार नाही, पण लेखक जागा आहे का, एवढं कळतं.

चित्रांबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपण शिकलो ते ‘एरिथेमा म्हणजे लाली’ असं. गव्हाळ-सावळ्या कातडीवर ही लाली जांभळट, करडी, कधी नुसती काळपट दिसते. त्यात आपला पेशंट हळद फासून आलेला असतो, मग तर सगळंच पिवळं. नवशिक्या डॉक्टरला वाटतं सूज नाही, आणि सोरायसिसला तो इसब म्हणतो. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये कातडीचे प्रकार पाडले, तेही आधी गोऱ्या लोकांपुरतेच होते. सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडले गेले. पुस्तकांचंही बरंचसं तसंच झालं. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये सुधारणा आहे, पण तुम्ही स्वतः मोजा: सोरायसिस, लायकेन प्लॅनस (जांभळट, चपट्या, खाजऱ्या पुळ्यांचा आजार) आणि औषधाची रिअ‍ॅक्शन या तीन प्रकरणांतली किती चित्रं आपल्या माणसांसारखी दिसतात? पाच मिनिटांचं काम आहे.

कुष्ठरोगावर फार लांबवत नाही. आपल्या डॉक्टरला पुस्तकानं तीन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात: फिकट चट्ट्याची संवेदना कशी तपासायची, कोणत्या नसा कुठे चाचपायच्या, आणि उपचार चालू असताना रिअ‍ॅक्शन, म्हणजे चट्ट्यांना नाहीतर नसांना अचानक सूज, आली तर त्याच दिवशी काय करायचं. शेवटची गोष्ट मोघम असेल तर पुस्तक ठेवून द्या, कारण तिथे आठवडा गेला तर हाताची बोटं वाकडी होतात आणि मग ती सरळ होत नाहीत. शाळकरी पोराच्या गालावरचा चट्टा शिबं म्हणून सोडून देण्याआधी हे पान वाचलेलं असावं.

औषधांसाठी मी एकच पान बघते, मेथोट्रेक्झेटचं. ही गोळी सोरायसिसला आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर माणूस दगावू शकतो. हे वाक्य ठळकपणे, डोसच्या शेजारीच आहे का? सोबत फॉलिक अ‍ॅसिड, रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या कधी करायच्या ते आहे का? ज्या संपादकानं इथे काळजी घेतली, त्यानं बाकीकडेही घेतलेली असते, असा माझा अनुभव आहे.

आता नावांकडे येते. रूक हा ब्रिटिश ग्रंथ, पहिली आवृत्ती १९६८ ची, अलीकडची दहावी २०२४ ची, अनेक खंडांची. दुर्मिळातला दुर्मिळ आजार त्यात सापडतो आणि वर्णनं इतकी नेमकी असतात की वाचताना पेशंट डोळ्यांपुढे उभा राहतो. पण गर्दीच्या ओपीडीत तो उघडता येत नाही. फिट्झपॅट्रिक अमेरिकन, १९७१ पासूनचा. आजार मुळात का होतो, पेशीत काय बिघडतं, हे समजून घ्यायला त्याच्यासारखा नाही. एमडीच्या विद्यार्थ्याला तो हवाच, तुम्हाला क्वचित लागेल. बोलोनिया २००३ मध्ये आला, पाचवी आवृत्ती २०२४ ची. तक्ते, आकृत्या आणि फरक दाखवणाऱ्या याद्या ही त्याची ताकद. माझ्या कपाटात सगळ्यात झिजलेली परदेशी पानं त्याचीच आहेत. अँड्र्यूज सगळ्यात जुना, १९३० चा. एकाच खंडात आटोपशीर, ज्याला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचंय त्याच्यासाठी.

आणि आपला आयएडीव्हीएलचा ग्रंथ. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचा, पहिली आवृत्ती १९९४ ची, डॉ. वालियांच्या संपादनाखाली मुंबईतून निघालेली. प्रकरणं लिहिणारे अनेक असल्यामुळे भाषा आणि दर्जा समान नाही, काही प्रकरणं उत्तम तर काही परीक्षेच्या नोट्ससारखी. छपाईतली चित्रं बोलोनियाइतकी देखणी नाहीत. तरीही गाजरगवत, बिब्बा, टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर पडणारा पांढरा डाग, कुष्ठरोग आणि त्याच्या रिअ‍ॅक्शन, हे सगळं त्यात आपल्या डॉक्टरांनी आपल्या पेशंटवरून लिहिलेलं आहे.

तुमच्या जागी मी असते तर आयएडीव्हीएल नव्या आवृत्तीत विकत घेतलं असतं आणि बोलोनियाची मागची आवृत्ती एखाद्या पास होऊन निघालेल्या रेसिडेंटकडून घेतली असती. त्याचे तक्ते लवकर जुने होत नाहीत, औषधांची माहिती मात्र त्यातून घेऊ नका. रूक घरात असावा असं मलाही वाटतं, पण तुमच्या ओपीडीसाठी तो पहिला नाही. एक कळकळीची विनंती: स्वस्त पडतं म्हणून झेरॉक्स प्रत घेऊ नका. बाकीच्या विषयांचं एक वेळ चालून जाईल, पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये जांभळा चट्टा आणि तपकिरी चट्टा एकसारखा दिसतो आणि नजर चुकीची तयार होते. जुनी प्रत घेताना खंड पूर्ण आहेत ना, रंगीत पानं चिकटलेली नाहीत ना, आणि सूचीचा भाग शाबूत आहे ना, एवढं तपासा. ऑनलाइन प्रतीचा कोड बहुधा आधीच वापरलेला असतो, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

आणि ते पाच पेशंट लिहून काढलेत की, नावगाव वगळून, इथे खाली टाका. त्यातल्या कोणासाठी कुठल्या पुस्तकाचं कुठलं प्रकरण उघडायचं, ते मी सांगेन. सांगलीला येणं झालं तर शनिवारी दुपारी माझी ओपीडी नसते. पुस्तकं टेबलावर काढून ठेवते, तुम्ही कागद घेऊन या.