युनियनवाल्या कंपनीत नोकरी : वाचकांचे प्रश्न

पिंपरी-भोसरी पट्ट्यात एकतीस वर्षं काढली, आधी शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनात, आणि मग पर्सोनेलमध्ये, म्हणजे माणसं घेणाऱ्या-सांभाळणाऱ्या खात्यात. इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. या वेळी आलेल्या प्रश्नांतले हे पाच.

प्रश्न : मेकॅनिकल बी.ई. झालोय. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत ट्रेनी इंजिनीअरचा इंटरव्ह्यू आहे. तिथे ‘युनियनबद्दल तुमचं मत काय?’ असं विचारतात म्हणे. काय सांगू?

विचारतात. मीही विचारायचो. ‘युनियनमुळेच कारखाने बुडतात’ असं तावातावाने सांगणारा पोरगा मी बाजूला काढायचो. त्याला वाटतं साहेब खूश होतील. पण साहेबांना उद्या काम त्याच माणसांकडून करून घ्यायचं असतं.

समोर बसलेल्यांना १९८९ चा टेल्कोचा (आताच्या टाटा मोटर्सचा) संप आठवत असतो, संपाचे नेते राजन नायर आणि शनिवारवाड्यावरचं उपोषण आठवत असतं. जरा तरुण असतील तर २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात झालेला पन्नास दिवसांचा संप, ज्यात कामगारांनी सवलतीत शेअरही मागितले होते. एवढं वाचून जा. भाषण करायला नव्हे, प्रश्न कुठून येतोय ते कळायला. उत्तर साधं द्या : युनियन आणि कंपनीच्या करारात जे ठरलंय ते पाळून उत्पादन काढायला शिकेन. आणि संधी मिळाली तर उलट विचारा, ‘सध्याचा करार कधी संपतोय?’ अख्ख्या नोकरीत हे मला एकाच उमेदवाराने विचारलं. त्याला घेतला. करार संपत आला की युनियनचं मागणीपत्र येतं, गेटसभा सुरू होतात, ओव्हरटाइमला माणूस मिळत नाही. तेव्हा रुजू होणाऱ्या ट्रेनीला ते आधी कळलेलं बरं.

प्रश्न : लाइनवरचे ऑपरेटर वडिलांच्या वयाचे आहेत. माझं ऐकत नाहीत.

‘ऐकत नाहीत’ म्हणजे नेमकं काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझंच सांगतो. ट्रेनी होतो, तिसरा आठवडा. लेथवरची इन्सर्ट (धातू कापणारं टोक) झिजून बोअरला (आतल्या भोकाला) ओरखडे येत होते आणि ऑपरेटर काका चहाला गेले होते. मी चावी घेतली, इन्सर्ट फिरवली, मशीन सुरू केलं. दोन पीस झकास निघाले. काका आले, मशीनकडे पाहिलं, कॉटन वेस्टने हात पुसले आणि स्टुलावर बसले.

‘काका, चालू झालंय की.’

‘तुम्ही चालवताय ना? चालवा.’

दहा मिनिटांत युनियनचा कमिटी मेंबर हजर. शिफ्ट संपेपर्यंत मशीन बंद. मला ती अरेरावी वाटली. मग करार काढून वाचला : ट्रेनीने मशीनला हात लावायचा नाही. का, ते फोरमनने सांगितलं. आधीच्या एका ट्रेनीचं बोट गेलं होतं. शिवाय स्टाफ मशीन चालवायला शिकला की संपात त्यालाच उभा करतात, ही भीतीही होतीच, आणि ती खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं, इन्सर्ट किती पीसला बदलता? त्यांनी मशीनच्या दारामागे खडूने ओढलेल्या रेघा दाखवल्या, पाच-पाचच्या जुड्या. साठाला बदलायचे. आमच्या शीटवर ऐंशी होतं. शीट चुकलं होतं. तुम्ही त्यांना शेवटचं काय विचारलंत?

प्रश्न : आयटीआय फिटर आहे. सात महिन्यांसाठी टेम्पररी घेतलंय. पर्मनंट करतील का?

बहुधा नाही. हा सातचा आकडा आकाशातून पडलेला नाही. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या सरकारी नमुना नियमांत) वर्षात २४० दिवस भरले की कायम करण्याची तरतूद होती. म्हणून त्याआधीच कामावरून ब्रेक द्यायचा, अशी रीत पडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात ठरावीक मुदतीची नेमणूक उघडपणे मान्य आहे, मात्र अशा कामगाराला त्याच कामासाठी कायम कामगाराइतकेच लाभ द्यायचे आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी. तेव्हा पत्रावर नाव कोणाचं आहे ते आधी बघा : कंपनीचं की ठेकेदाराचं? आणि मुदत लिहिलेली आहे का? हातात पत्रच नसेल तर आजच मागा. सही करण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : मी इंजिनीअर, तरी माझ्या लाइनवरच्या ऑपरेटरला माझ्यापेक्षा जास्त पगार. हे बरोबर आहे का?

त्याने चार-पाच करार पाहिलेत, तुम्ही अजून एकही नाही. प्रत्येक करारात त्याची वाढ झाली, आणि ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने मिळतो. तुम्ही ‘स्टाफ’, तुम्हाला तो नाही. युनियनचा करार तुम्हाला लागू होईल का, असंही तुम्ही विचारलंय. त्यात पदनाम बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात. नव्या संहितेत सुपरवायझरीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांच्या वर वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे तुमच्या पगारवाढीसाठी भांडायला तुम्ही एकटेच.

प्रश्न : वडील याच कंपनीत कमिटी मेंबर होते. इंटरव्ह्यूत सांगू की लपवू?

विचारलं तर सांगा. लपवून उपयोग नाही. त्या गेटवर तुमचं आडनाव वॉचमनलासुद्धा माहीत असेल.